आरटीसी फुली रोड

हैदराबादेत चौक नाहीत, फुल्या आहेत. पुण्यात दोन रस्ते एकमेकांना भेटले की तिथे लगेच एखाद्या थोर पुरुषाचं नाव लागतं, मग त्या नावावरून वाद लागतो. इथे असलं काही नाही. दोन रस्ते आडवे गेले, काढला इंग्रजी एक्स, झालं चौकाचं बारसं. चिक्कडपल्लीच्या टोकाचा चौक पाट्यांवर आणि दुकानांच्या पत्त्यांत 'आरटीसी एक्स रोड्स' असा लिहितात आणि वाचताना 'क्रॉस रोड्स' म्हणतात. एक्स दिसला की क्रॉस म्हणायचं, हे इथल्या पोराला शाळेत घालण्याआधीच कळलेलं असतं. कळत नाही ते फक्त दोघांना: परगावच्या पाहुण्याला आणि माझ्या मोबाईलमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईला. ती बाई गंभीर आवाजात 'एक्स रोड्स' म्हणते आणि रिक्षावाला मागे वळून माझ्याकडे बघतो, जणू ते मीच बोललो.

मराठी पाहुण्याची पंचाईत आणखी निराळी. आपल्याकडे फुली म्हणजे गणित चुकलं, नाहीतर लेखकाने लिहिलेली शिवी संपादकाला झेपली नाही. 'आरटीसी फुली रोड' हे वाचून नांदेडहून आलेले आमचे एक वयस्कर नातेवाईक बराच वेळ गप्प होते. शेवटी हळूच म्हणाले, "मधे नेमकं काय लिहिलं होतं?"

एवढा एक्स एका गावात उधळलेला पाहून डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांना घेरी आली असती. त्यांनी १७५५ साली इंग्रजीचा जो प्रचंड कोश काढला, त्यात एक्सच्या वाट्याला एकही शब्द आला नाही. हे एक अक्षर आहे खरं, पण इंग्रजीतला कोणताही शब्द यापासून सुरू होत नाही, अशा अर्थाचं एक वाक्य लिहून डॉक्टरसाहेब पुढे सरकले. आज त्यांना चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीसमोर उभं केलं, तर जिथे मान वळवतील तिथे एक्सने सुरू होणारी पाटी दिसेल. झेरॉक्स! पुढेही एक्स आणि मागेही एक्स. इंग्रजीतलं अक्षरही न येणारा माणूस हा शब्द बिनचूक म्हणतो, दर विचारतो आणि "दोन्ही बाजूंनी काढा" असंही बजावतो.

या शब्दाच्या पोटात 'कोरडं' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. चेस्टर कार्लसन या गृहस्थांनी १९३८ साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात रसायनांच्या ओल्या भानगडीशिवाय पहिली कोरडी नक्कल काढली, म्हणून ते नाव. तेव्हा ज्याला झेरॉक्स कळलं, त्याला 'झेरॉफ्थॅल्मिया' हा तेरा अक्षरी राक्षस निम्मा कळलाच. 'अ' जीवनसत्त्व कमी पडून डोळे कोरडे पडण्याचा हा रोग. परीक्षेच्या नोट्सच्या फिकट झेरॉक्सवर रात्र रात्र डोळे ताणले की जे होतं तेही साधारण तसंच दिसतं, पण त्याला अजून ग्रीक नाव मिळालेलं नाही.

या लायब्ररीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चिक्कडपल्लीचं खरं देवस्थान तेच. व्यंकटेश्वराचं देऊळ आहे, त्यागराय गानसभा आहे, पलीकडे देवी, सुदर्शन, संध्या ही थिएटरं आहेत. पण सकाळी दार उघडायच्या आत रांग लागते ती लायब्ररीला. तेलंगणाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून ग्रुप वन, ग्रुप टू, पोलीस भरती, बँक, स्टाफ सिलेक्शन अशा परीक्षांसाठी आलेली पोरं अशोकनगरच्या हॉस्टेलांत राहतात आणि दिवस इथे काढतात. आत जागा मिळाली नाही तर आवारातल्या झाडाखाली. पाण्याची बाटली, डबा, प्लास्टिकची खुर्ची, आणि त्या खुर्चीवर आपला हक्क दाखवणारं एक जाडजूड पुस्तक. नोकरीची जाहिरात निघो न निघो, खुर्ची रिकामी राहत नाही.

आमची भाची नांदेडची. केंद्राच्या परीक्षांचा अभ्यास करायला ती या मेळ्यात दाखल झाली. नांदेड १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं. त्यामुळे तिच्या आजीच्या मते पोरगी परगावी गेलीच नाही, जुन्या राजधानीत गेली. रविवारी ती आमच्याकडे जेवायला येते आणि येताना एक लांबट वही आणते. वहीत शब्द. डावीकडे इंग्रजी, मधे मराठी अर्थ, उजवीकडे लक्षात ठेवायची युक्ती. या तिसऱ्या रकान्याला खरं तर वेगळं पारितोषिक द्यायला हवं. 'क्वेरुलस' म्हणजे सतत तक्रार करणारा. युक्ती: कुरकुर, कुरकुर, क्वेरकुर. 'ऑब्सीक्वियस' म्हणजे लाळघोट्या. युक्तीच्या रकान्यात तिच्या जुन्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचं नाव. 'जक्स्टापोझिशन' म्हणजे दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवणं. युक्ती: लायब्ररीतल्या खुर्च्या.

"मामा, बघा ना," ती मला म्हणाली, "ज्या शब्दात क्यू, एक्स, झेड, जे असतं ना, तोच शब्द परीक्षेत येतो. साध्या अक्षरांचे शब्द विचारतच नाहीत हे लोक."

तिच्या या सिद्धान्तात थोडं तथ्य आहे, पण त्याचं मूळ परीक्षेत नसून स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळात आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुविशारदाला काम उरलं नाही. बेकार माणूस वर्तमानपत्र जरा जास्तच मन लावून वाचतो. बट्सने तर 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरची अक्षरंच मोजायला घेतली. कोणतं किती वेळा येतं ते पाहिलं आणि त्यावरून खेळातल्या ठोकळ्यांचे भाव ठरवले. इ, ए, टी ही रोजची गिऱ्हाइकं, म्हणून एकेक गुण. जे आणि एक्स यांना आठ-आठ. क्यू आणि झेडला दहा-दहा. आणि या चौघांचा अख्ख्या डब्यात एकेकच ठोकळा.

यात जेवर अन्याय झाला, असं माझं मत आहे. बट्सने त्या काळी नुसती नांदेडच्या एखाद्या लग्नपत्रिकेवरची नावं मोजली असती: जोशी, जाधव, जगताप, जयश्री, जालना, जिंतूर आणि शेवटी जय हनुमान, तर जेला एक गुणसुद्धा मिळाला नसता. खेळात विशेषनामं चालत नाहीत हा नियम मराठी माणसाला अडवण्यासाठीच केलेला असावा.

पण खेळाडू या श्रीमंत अक्षरांवर जीव टाकतात ते उगाच नाही. २००६ साली अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन गावी एका सुताराने 'क्विक्सॉट्री' हा शब्द लावून एका खेळीत ३६५ गुण मिळवले. यात क्यू आहे, एक्सही आहे. अर्थ: डॉन किहोतेसारखं पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावणं, म्हणजे जे जमणार नाही ते उदात्त चेहऱ्याने करत राहणं. दरवर्षी एका जागेमागे अर्ज किती येतात हे ठाऊक असूनही लायब्ररीतली खुर्ची न सोडणाऱ्यांना हा शब्द मी लावणार नाही. भाची वाचेल.

वहीच्या शेवटच्या पानांवर तिचे शौकाचे शब्द आहेत. परीक्षेत येणार नाहीत, पण मैत्रिणींवर छाप पडते. त्यातला मुकुटमणी म्हणजे 'झेंझिझेंझिझेंझिक'. सोळा अक्षरं, त्यात सहा झेड. खेळाच्या डब्यात झेड एकच, त्यामुळे हा शब्द नुसता ठोकळ्यांत मांडायलाही कोऱ्या ठोकळ्यांसह निदान दोन डबे फोडावे लागतील. अर्थ साधा आहे: एखाद्या संख्येचा आठवा घात. दोनाचा वर्ग चार, त्याचा वर्ग सोळा, त्याचा वर्ग दोनशे छप्पन्न. वर्गाला 'झेंझिक' म्हणायचे. वर्गाच्या वर्गाचा वर्ग म्हणून तो शब्द तीनदा. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली तो आपल्या पुस्तकात घातला. त्याच पुस्तकात त्याने 'बरोबर'चं चिन्ह, त्या दोन समांतर रेघा, पहिल्यांदा छापल्या. जगाने रेघा उचलल्या आणि झेंझिझेंझिझेंझिक तिथेच ठेवलं. पुढच्याच वर्षी रेकॉर्ड कर्जापायी तुरुंगात वारला. या शब्दासाठी त्याला शिक्षा झाली नव्हती, एवढं भाचीला मुद्दाम सांगावं लागलं. ज्या भाषेत पोरांकडून पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी पाठ करून घेतली, त्या भाषेच्या माणसाने या शब्दाला हसू नये हे खरं. तरी हसू येतं.

झेड हे अक्षर मात्र या गावात आलं की नाव बदलून राहतं. तेलुगू माणूस त्याला सरळ ज म्हणतो. जू, जीरो, जीब्रा, जिराक्स. आपण त्याला झ करतो आणि झेब्रा, झेरॉक्स म्हणून आपला उच्चार जास्त शुद्ध असल्याचा आव आणतो. खरं तर दोघांकडेही माल तोच आहे. मराठीत 'जग'मधला ज वेगळा आणि 'जरा'मधला वेगळा. तेलुगूतही ज आणि च यांचे असेच दोन-दोन उच्चार आहेत. लिहिताना फरक न दाखवता बोलताना बरोबर करायचा, ही गंमत दोन्ही भाषांनी शेजारधर्माने सांभाळली आहे. इंग्रजीत ती चालत नाही. तिथे 'झेलस' म्हणजे उत्साही, तळमळीचा; आणि 'जेलस' म्हणजे मत्सरी. लायब्ररीच्या आवारात दोन मुलं एकमेकांना शब्द विचारत होती. एक म्हणाला, "जेलस?" दुसरा म्हणाला, "उत्साही." पहिला म्हणाला, "तो नव्हे, दुसरा जेलस." यावर दुसऱ्याला झालेला मनस्ताप मी डोळ्यांनी पाहिला. त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं की हे दोन्ही शब्द एकाच ग्रीक आईची लेकरं आहेत. एक लॅटिनच्या वाटेने आलं आणि एक तिथून पुढे फ्रान्समधून फिरून. म्हणजे मुळात तो चुकलाच नव्हता, फक्त परीक्षक दोन हजार वर्षं उशिरा आले.

क्यूची कथा याहून शाही. इंग्रजीत क्यू हे लग्न लागलेलं अक्षर, पाठोपाठ यू असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. क्वीन, क्वश्चन, क्विनाइन. पाठोपाठ यू नसलेला क्यू इंग्रजी कोशात सापडला तर समजावं की तो पाहुणा आहे, आणि पुष्कळदा अरबी-फारसीकडून आलेला. कव्वाली, वक्फ, तलाक, फकीर, बुरखा, कलमदान. स्क्रॅबलचे अट्टल खेळाडू हे शब्द घोकतात, कारण हातात क्यू आला आणि यू आला नाही की डाव अडतो. त्या यादीत 'मुकद्दम' हा आठ अक्षरी शब्दही आहे: गावचा प्रमुख. आपल्या मुकादमांचा हा थोरला भाऊ लंडनच्या स्पर्धांमध्ये दहा गुणांचा क्यू पोटात घेऊन मिरवतो आणि इकडे आपले मुकादम ऊसतोडीच्या टोळ्या मोजत बसलेत.

म्हणजे क्यूच्या बाबतीत हैदराबादेने जगाला उसनं द्यायला हवं. १५९१ साली हे शहर वसवणाऱ्या महंमद कुली कुतुबशहाच्या नावातच दोन क्यू आहेत. आणि गंमत अशी की हे दोन्ही क्यू ज्याचे, त्या काफ या उर्दू अक्षराचा उच्चार अस्सल हैदराबादी करतच नाही. लखनौवाला जो क घशाच्या तळातून काढतो, तो इथे ख होऊन येतो. काजी नव्हे, खाजी. करीब नव्हे, खरीब. कयामत आलीच तर ती इथे खयामत म्हणून येईल. लखनौचे लोक यावरून नाकं मुरडतात. मुरडोत. ज्या बोलीने आपला 'नको' उचलून त्याचा 'नक्को' केला आणि थाटात ठेवला, तिच्याविरुद्ध मराठी माणसाने साक्ष द्यायचं कारण नाही.

आता मुख्य ठिकाणी येऊ. लांबलचक आणि अवघड अक्षरांचे इंग्रजी शब्द घोकण्याची जागा लायब्ररी; पण ते रोज वापरण्याची जागा म्हणजे मेडिकलचं दुकान. पावसाळ्यात माझ्या दोन्ही हातांवर गांध्या उठल्या. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी म्हणजे कागदावरून मुंगी शाई लागलेल्या पायांनी पळत गेली असावी. भाची सोबत होती. पाच हजार इंग्रजी शब्द डोक्यात असलेली मुलगी चिठ्ठी उलटसुलट करून थकली. काउंटरवरच्या पोराने ती हातात घेतली, अर्धा क्षण पाहिली आणि म्हणाला, "हायड्रॉक्सिझिन." मागच्या खणातून पट्टी काढून समोर आपटली. "रात्रि ओकटि, तिन्न तर्वात." रात्री एक, जेवल्यावर.

भाचीने मला बाजूला ओढलं. "मामा, या शब्दात एक्स, वाय, झेड लागोपाठ आलेत! अशा क्रमाने!" खरंच आहे. हायड्रॉ-एक्स-वाय-झेड-इन. इंग्रजी वर्णमालेची शेवटची तीन माणसं ओळीने एका शब्दात बसलेली क्वचित दिसतात. तिने वही काढली आणि त्या पोरालाच विचारलं, "अण्णा, इसका मीनिंग?"

"दुरद, अक्का," तो म्हणाला आणि हात खाजवून दाखवला. तिसऱ्या रकान्याचं काम झालं.

त्याला चिठ्ठी वाचता कशी आली, याचा मी नंतर विचार केला. डॉक्टरी हस्ताक्षरात ए, ओ, यू, एन या सगळ्यांची मिळून एकच वळवळ होते. कोपरे टिकवून राहतात ते फक्त एक्स आणि झेड. क्यूची शेपूटही बऱ्यापैकी शाबूत असते. बट्सने ज्यांना विरळ म्हणून महाग केलं, त्यांच्याच खुणेवर औषधवाला वाट काढतो. औषधांच्या नावांत ही अक्षरं इतकी का भरतात याचं हेच कारण असेल असं मी म्हणत नाही, पण असतं तर बरं झालं असतं.

कारण औषधांच्या दुनियेत ती आहेतच खच्चून. स्क्रॅबलवाल्यांनी कागदावर गणित मांडून एका खेळीत प्रचंड गुण देणारा एक शब्द शोधला, तो निघाला 'ऑक्सिफेनब्युटाझोन', सांधेदुखीवरचं एक जुनं औषध. नेमकी पंधरा अक्षरं आणि पटाच्या एका ओळीत नेमकी पंधरा घरं. सगळं जुळून आलं तर सतराशेहून जास्त गुण. अजून कुणाला ते प्रत्यक्ष जुळलेलं नाही, आणि ते जुळवत पटावर वाकून बसलेल्याला सांधेदुखी झाली तर औषध समोरच.

आणि मग २०२० साली करोनाच्या साथीत तो शब्द आला, ज्याने लायब्ररी आणि मेडिकल यांतला फरकच मिटवला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. अठरा अक्षरं, एक्सही आणि क्यूही. मलेरियाची, संधिवाताची जुनी गोळी. एप्रिलमध्ये खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांनी ती भारताकडे मागितली आणि आमच्या इमारतीतल्या दूधवाल्यापासून निवृत्त इंजिनियरपर्यंत सगळे तो शब्द न अडखळता म्हणू लागले. औषधांच्या कारखान्यांचं हे शहर असल्याने प्रत्येकाचा कुणीतरी पाहुणा 'फार्मा'त असतोच. त्याला फोन करून एखादी पट्टी मागताना तरी उच्चार नीट हवा. त्या शब्दाच्या शेपटीतला 'क्विन' आला क्विनाइनवरून, आणि ते दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या झाडाच्या सालीच्या नावावरून. त्या भाषेच्या नावाची सुरुवातही क्यूनेच होते. आणि ज्या मलेरियावर ती साल औषध म्हणून देत, त्याचा जंतू डासाच्या पोटात पहिल्यांदा दिसला तो आमच्या शेजारच्या सिकंदराबादेत. २० ऑगस्ट १८९७. रोनाल्ड रॉस डास कापत बसले होते. तेव्हा या क्यूवर आमचा वडिलोपार्जित हक्क आहे.

पुढच्या वर्षी करोनाची दुसरी लाट आली आणि तिच्यासोबत पोसाकोनाझोल, टोसिलिझुमॅब, मोलनुपिराविर अशी नावं आली. तेव्हाचे तेलंगणाचे मंत्री के. टी. रामाराव यांनी मे महिन्यात ट्विटरवर जाहीर शंका घेतली की औषधांना ही असली नावं ठेवतं कोण. यामागे अवघड इंग्रजी शब्दांचे शौकीन खासदार शशी थरूर यांचाच हात असणार. थरूरांनी आपण निर्दोष असल्याचं कळवलं आणि कळवताना 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा शब्द वापरून स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच दाखल केला. एकोणतीस अक्षरं, त्यात नऊ वेळा आय. आणि इंग्रजीत ज्याच्यावाचून पान हलत नाही, ते इ एकदाही नाही. अर्थ: एखाद्याला कस्पटासमान लेखणं. लॅटिनमध्ये लोकरीचा पुंजका, फोलपट, काहीच नाही आणि केस, अशा चार कस्पटांची नावं जोडून शाळकरी इंग्रजांनी हे बेणं तयार केलं. भाचीने ते लगोलग वहीत उतरवलं. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांनी मात्र तिचा उत्साह मावळवला. विजयनगरच्या दरबारातल्या तिरुमलांबा हिच्या संस्कृत चंपूकाव्यात १९५ अक्षरांचा एकच समास आहे, गिनीज बुकात त्याची नोंद आहे, असं सांगून ते म्हणाले, "एकोणतीस? म्हणजे आमच्याकडे नुसता श्वास घ्यायलाच तेवढी लागतात."

थरूरांनी त्याच उत्तरात पुढे असंही म्हटलं होतं की नावं ठेवायचं काम माझ्याकडे असतं तर मी औषधांना 'कोरोझिरो' किंवा 'गो कोरोना गो' अशी सोपी नावं दिली असती. हे शेवटचं त्यांचं नव्हे, हे वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. ते रामदास आठवले यांचं. २०२० च्या सुरुवातीला मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी त्यांनी ते म्हटलं आणि देशभर गाजलं. भाचीने कुतूहलापोटी हे आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या दोन्हींचे स्क्रॅबलचे गुण काढले. 'गो कोरोना गो' या तीन शब्दांचे मिळून चौदा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे एकोणपन्नास, तेही तो पटावर मावत नाही ही गोष्ट सोडून देऊन. करोनावर परिणाम दोघांचा सारखाच झाला.